आखाड्याची माती

आमच्याकडची जमीन काळी, कपाशीची. पावसात ती पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कुस्तीला ती चालत नाही. तालमीसाठी तांबडी, बारीक माती बाहेरून आणावी लागते आणि पहिला खर्च तिथेच होतो.

आलेली माती दोनदा चाळायची. खडा, काच, खिळा हाताने वेचायचा. मग हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर, कडुनिंबाचा पाला. प्रत्येक वस्तादाचे प्रमाण निराळे. तेलाने धूळ बसते, ताकाने माती मऊ राहते. हळद आणि कडुनिंब खरचटलेल्या अंगासाठी.

मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा खरी परीक्षा. रात्री पाणी शिंपडायचे, पहाटे कुदळ घ्यायची. खणून झाल्यावर वस्ताद मूठभर माती घट्ट दाबतात. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे, आणि टिचकी मारताच फुटला पाहिजे. गोळा झालाच नाही तर पाणी कमी. फुटला नाही तर त्या दिवशी जोड नाही, पोरांनी नुसते जोर-बैठका काढायच्या. घट्ट जमिनीवर आपटलेल्या पोराचा खांदा निखळतो.

मातीची अशीच निगा क्रिकेटलाही लागते. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानच घ्या. तिथे रणजी सामने होतात. क्रिकेटच्या खेळपट्टीला क्युरेटर असतो, रोलर असतो, पाऊस आला की झाकायला कव्हर असते. तालमीत ही सगळी कामे वस्ताद आणि पहाटे लवकर आलेली पोरे करतात. त्यांना मानधन मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी ती धुळ्यात भरली आणि भगवान मोरे जिंकले. १९६६ साली जळगावात दीनानाथ सिंह. पहिल्या सहा वर्षांत दोनदा आमच्या खान्देशात! पुढे २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी गदा आणली. कपाशीच्या मुलखाला कुस्ती परकी नाही.

जत्रेची दंगल. सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी, लंगोटही नीट न बांधता येणारी पोरे. मग नारळ, मग रोख इनाम, शेवटी मानाची कुस्ती. पंच जोड लावताना वजनकाटा बघत नाहीत. मान, मांड्या आणि मोडलेले कान बघतात. गुणांचा हिशेब नसतो, पाठ लागली की निकाल.

पण या दंगलीचा आखाडा कसा तयार होतो? आदल्या दिवशी रिकाम्या शेतात ट्रॅक्टर फिरतो, वर टँकरचे पाणी. काळीची ढेकळे तशीच राहतात. एका गावी अशाच ढेकळावर हात टेकून आमच्या पोराचे मनगट मोडले. त्याच संध्याकाळी कर्ण्यावरून शेवटच्या कुस्तीचे इनाम तीनदा वाढवले गेले. मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. दोन ट्रॉली माती त्यातल्या एका वाढीत आली असती.

मातीचे बोलले की गादीचा, म्हणजे मॅटचा, प्रश्न निघतोच. केसरीच्या अंतिम लढतीत माती विभागाचा आणि गादी विभागाचा विजेता समोरासमोर येतात, तेव्हा पोराला दोन्ही यायला हवे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक घेतले, ते मातीत तयार होऊनच. माझे मत: बारा-तेरा वर्षांपर्यंत माती, मग दोन्ही. गादी आली म्हणून आखाडा बुजवणाऱ्या तालमी घाई करतात.

यंदा जत्रेच्या पंचांपुढे दोनच मागण्या ठेवणार आहे. वर्गणीतला ठरावीक वाटा मातीसाठी बाजूला काढा, आणि आखाडा आठ दिवस आधी वस्तादांच्या ताब्यात द्या. शिवाय मृगाच्या आत तालमीचे गळके पत्रे बदलायचे आहेत. एकदा पागोळ्यांचे पाणी आखाड्यात मुरले की सगळी माती उपसून वाळवावी लागते, आणि पोरांचा सराव पंधरा दिवस बंद पडतो.