पिस्तुलाचा आहार

यंत्रांनाहि आहाराची आवडनिवड असते, असें कोणीं सांगितलें असतें तर गेल्या वर्षापर्यंत आम्ही हंसलों असतों. पण गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत आमच्या भाच्याकडे मुक्कामास असतां एका पिस्तुलानें आमची ही समजूत पार पालटून टाकली.

भाच्याजवळ डेझर्ट ईगल नांवाचें .४४ मॅग्नम जातीचें पिस्तूल आहे. वजन सुमारें दोन किलो. हातीं घेतां खलांतला बत्ता उचलल्याचा भास व्हावा. पूर्वीं एन. सी. सी.चे अधिकारी या नात्यानें आम्हीं मुलांना .२२ रायफलीची चांदमारी शिकविली होती. त्या शिदोरीवर, पाहुण्यास लागणारा शिकारीचा परवाना काढून, आम्ही मोठ्या ऐटींत त्याच्याबरोबर चांदमारीस गेलों. "मामा, तुमच्या मनगटाला त्रास नको म्हणून आज दारू थोडी कमी भरली आहे," तो म्हणाला. काडतुसें तो घरींच भरतो.

पहिली गोळी सुटली, परंतु रिकामी पुंगळी बाहेर न पडतां खिडकींतच उभी अडकली. ती काढली, पुन्हां तेंच. तिसऱ्या खेपेस "हें बघ रे," असें म्हणत आम्ही पिस्तुलासकट त्याच्याकडे वळलों! त्यानें झटकन् आमचें मनगट धरून नळीचें तोंड लक्ष्याकडे फिरविलें. एक शब्दहि तो बोलला नाहीं. ह्याच चुकीबद्दल आम्हीं किती पोरांना मैदानाच्या फेऱ्या घालावयास लावलें होतें! अडलेलें शस्त्र चालत्या शस्त्राहून घातक, कारण माणसाचें चित्त धोक्यावरून उडून बिघाडाकडे लागतें.

घरीं आल्यावर त्यानें पिस्तूल उघडून कारण दाखविलें. रिव्हॉल्व्हरचें चक्र माणसाच्या बोटाच्या बळानें फिरतें. काडतूस सौम्य असो कीं जहाल, त्याला त्याची पर्वा नसते. अर्धस्वयंचलित पिस्तुलाचें तसें नाहीं. पुंगळी फेकणें, घोडा चढविणें, नवें काडतूस नळींत सारणें, हीं सारीं कामें सुटलेल्या गोळीच्याच बळावर व्हावयाचीं. बहुतेक पिस्तुलें धक्क्यावर चालतात. हें मात्र कित्येक रायफलींप्रमाणें वायूवर चालतें. नळीला काडतुसाच्या घराजवळ एक बारीक छिद्र आहे. त्यांतून जळत्या दारूचा थोडा वायु नळीखालच्या वाटेनें पुढें जातो, तेथील दट्ट्या ढकलतो, आणि पिस्तुलाचा जड माथा मागें सरकतो. वायु अपुरा पडला कीं माथा अर्ध्या वाटेवरून परततो. नुसत्या शिशाची गोळी वापरावी, तर शिशाचे कण सांचून ती वाटच बुजते. म्हणून तांब्याचें कवच असलेली गोळी, साधारणतः २४० ग्रेन वजनाची, आणि दारूचें माप पूर्ण, हाच त्याचा आहार.

शिवाय एक अडचण जन्मजात आहे. ब्राउनिंगनें आपलें .४५चें पिस्तूल रचलें, तेव्हां त्याचें काडतूसहि त्यानेंच रचलें. दोन्हीं एकमेकांसाठींच जन्मलीं. १९११ सालीं अमेरिकन सैन्यानें तें स्वीकारण्यापूर्वीं सहा हजार गोळ्यांची परीक्षा घेतली. तींत तें एकदांहि अडलें नाहीं. उलट .४४ मॅग्नम हें १९५५ सालचें काडतूस रिव्हॉल्व्हरसाठीं घडविलेलें, म्हणून बुडाशीं कडा असलेलें. हें पिस्तूल त्याच्याभोंवतीं मागाहून बांधलें गेलें. कडेचीं काडतुसें मॅगझिनमध्यें भरतांना वरच्याची कडा खालच्याच्या कडेमागें जाऊं नये, एवढें पाहावें लागतें. परक्या घरचें माणूस आणलें, कीं त्याची मर्जी सांभाळणें आलेंच.

दुसऱ्या दिवशीं पूर्ण दारूचीं काडतुसें. धक्का खांद्यापर्यंत पोंचला, पण चार गोळ्या बिनबोभाट सुटल्या. पांचवें काडतूस मात्र वर चढेना. भाच्यानें आमचा डावा हात पाहिला. चहाच्या कपाखालीं बशी धरावी तसा तो आम्हीं मुठीखालीं लावला होता. ह्या पिस्तुलाच्या मॅगझिनला किंचित् मोकळीक लागते. तें खालून दाबलें कीं काडतूस नीट चढत नाहीं. हात काढला, आणि पुढच्या आठहि गोळ्या सुटल्या.

भाच्याची एक वही आहे. कोणता डबा, किती गोळ्या, अडलें तर कसें अडलें, हें तो तींत टिपतो. एका वेळीं एकच गोष्ट बदलतो. दोनशे गोळ्या तक्रारीवांचून सुटल्याखेरीज कोणत्याहि डब्यावर तो विश्वास ठेवीत नाहीं, मग डब्यावर कांहींहि छापलेलें असो.

परततांना विमानांत ती वही आमच्या डोळ्यांपुढून हलेना. मुलांना जड जाऊं नये म्हणून आम्ही पंचवीस वर्षें धड्यांतील दारू कमी करीत आलों, आणि वर टिपणांचा हात त्यांच्या खालीं सतत लावून ठेविला. दोन्हीं केवळ मायेपोटीं. मग हीं मुलें स्वतःच्या बळावर दुसरें पुस्तक कां उघडीत नाहींत, म्हणून शिक्षकांच्या खोलींत बसून हळहळत राहिलों.

जूनमध्यें वर्ग सुरू झाले. यंदा टिपणें दिलीं नाहींत. मूळ ग्रंथच हातीं दिला. एक नवी वही मात्र घेतली आहे. कोण कोठें अडतें, तें तींत लिहून ठेवतों.