छपराखालचं शेत

मुलांनो, पावसात न भिजणारं शेत तुम्ही कधी पाहिलंय का? आमच्या चौथीच्या वर्गानं ते जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पाहिलं. पुणे-लोणावळा लोकलनं आम्ही कामशेतला उतरलो आणि तिथून एसटीनं पवनानगरच्या रस्त्याला लागलो. हा पवन मावळ. एका बाजूला लोहगड-विसापूरची जोडी, समोर तिकोना, आणि खाली भाताची कापणी झालेली खाचरं. त्या खाचरांच्या मधेमधे पांढरे, फुगीर तंबू दिसायला लागले.

"बाई, सर्कस!" मागच्या बाकावरून आवाज आला.

ती सर्कस नव्हती. ती होती हरितगृहं. इकडे सगळे त्यांना पॉलिहाउसच म्हणतात. आमच्या ओळखीच्या एका शेतकरीकाकांचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाउस आम्हाला पाहायचं होतं.

दारातच काकांनी सगळ्यांना पाय स्वच्छ करायला लावले. "बाहेरची कीड तुमच्या चपलांवर बसून आत येते," ते म्हणाले. दारंही दोन होती, एकापुढे एक. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही! शेजारच्या दुसऱ्या पॉलिहाउसमध्ये मात्र त्यांनी आम्हाला जाऊच दिलं नाही. तिथे पहाटेच औषध फवारलं होतं.

आत पाऊल टाकलं आणि माझ्या चष्म्यावर एकदम वाफ धरली. बाहेर सकाळची बोचरी थंडी आणि आत चांगली ऊब! मुलांनी तर स्वेटर काढले. ही ऊब आली कुठून? आत शेगडी नव्हती की हीटर नव्हता.

उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीत बसलात की कसं गरम होतं, आठवा. इथेही तसंच. वरच्या पारदर्शक प्लास्टिकमधून, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत 'कागदा'तून, ऊन आत येतं. त्यानं माती आणि झाडं तापतात. त्यांना लागून असलेली हवाही तापते आणि वर जायला निघते. मोकळ्या शेतात ती निघून जाते आणि तिच्या जागी गार हवा येते. इथे कागद तिला अडवतो. ऊब कोंडली जाते.

एवढ्यात काकांनी बाजूचं एक हँडल फिरवलं आणि भिंतीचे पडदे गुंडाळत वर गेले. मुलं बुचकळ्यात पडली. ऊब कोंडायची म्हणता, मग पडदे उघडता कशाला?

काका हसले. "ही घरं काचेची करून पहिल्यांदा वाढवली ती थंड देशांतल्या लोकांनी. हॉलंडमध्ये बाहेर बर्फ पडतं, म्हणून त्यांना ऊब हवी. आपल्याकडे ऊन फुकटचं आणि भरपूर! दुपारी पडदे उघडले नाहीत, तर गुलाबाची भाजी होईल."

मग आपल्याकडे हे घर हवंच कशाला? तर पावसाळ्यात मावळात कोसळणारा पाऊस अडवायला, उन्हाळ्यातलं कडक ऊन सावलीच्या जाळीनं सौम्य करायला आणि किडी बाहेर ठेवायला. घर तेच, पण देश बदलला की त्याचं काम बदललं. छपराच्या कण्यालाही हवेसाठी लांबलचक फट ठेवलेली होती. पावसाळी वारा इथे पश्चिमेकडून येतो, म्हणून तिचं तोंड पूर्वेला.

आत लाल मातीचे उंच गादीवाफे होते आणि त्यांवर गुलाबाची सहा हजारांच्या आसपास रोपं. जात 'टॉप सीक्रेट', रंग गडद लाल. गंमत म्हणजे पुष्कळ कळ्यांना जाळीच्या टोप्या घातल्या होत्या! त्यानं कळी भरते आणि पाकळ्या खराब होत नाहीत. १४ फेब्रुवारीच्या 'व्हॅलेंटाइन डे'ला गुलाबांना मोठी मागणी असते. त्यासाठी साधारण दीड महिना आधी हिशेबानं छाटणी करायची, म्हणजे फुलं नेमकी वेळेवर येतात. तोडलेली फुलं लगेच पाण्यात आणि मग शीतगृहात. वीस-वीस फुलांची जुडी बांधून ती बाजारात जातात, काही तर विमानानं परदेशीही.

"म्हणजे पावसाची कटकट नाही, किडीची नाही. मजा आहे!" आमचा एक विद्यार्थी म्हणाला.

"मजा?" काका म्हणाले. "अरे, पाऊस अडवला की पावसाचं काम आपल्याला करावं लागतं." त्यांनी प्रत्येक रोपाशी गेलेली ठिबकची नळी दाखवली. पाणी आणि खत दोन्ही तिच्यातूनच, मोजून. काकडीचंही सांगितलं. पॉलिहाउसमध्ये मधमाशी शिरत नाही, म्हणून परागीभवनाशिवाय फळ धरणारी खास जात लावावी लागते. निसर्ग जे न सांगता करत होता, ते सगळं आता माणसाच्या डोक्यावर!

मग ते थोडा वेळ गप्प झाले. कोपऱ्यातल्या एका वाकलेल्या लोखंडी पाइपवर हात ठेवून त्यांनी २०२०ची गोष्ट सांगितली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. फुलबाजार बंद. पण झाडाला टाळेबंदी कुठे कळते? रोज फुलं तोडायची आणि रोज खड्ड्यात टाकायची. त्यातच ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. वारा आत घुसला आणि कागद जहाजाच्या शिडासारखा फुगला. सगळा सांगाडाच उपटून जाईल असं वाटायला लागलं. तेव्हा काकांनी स्वतःच कोयत्यानं कागद फाडला, वारा निघून जावा म्हणून. कागद गेला, पण सांगाडा बराचसा वाचला.

"रडू आलं?" एका मुलीनं हळूच विचारलं.

"आलं की. कर्ज डोक्यावर होतं."

"मग पुन्हा का उभं केलं? भातच लावायचा ना."

"भात लावतोच, इंद्रायणी. घरचं पोट त्यावर. पण तेवढ्याशा तुकड्यावर दोन मुलांचं शिक्षण होत नाही, बाळ. या दहा गुंठ्यांवर होतंय."

परतीच्या एसटीत नेहमीसारख्या भेंड्या झाल्या नाहीत. मुलं खिडकीतून ते पांढरे तंबू पाहत होती. आता कुणी त्यांना सर्कस म्हणालं नाही.

मुलांनो, तुम्हीही एक छोटं हरितगृह करा. दोन कुंड्यांत मेथी पेरा. मोठ्यांच्या मदतीनं प्लास्टिकच्या बाटलीचा तळ कापा आणि ती एका कुंडीवर उपडी ठेवा. बाटलीच्या आत पाण्याचे थेंब कधी दिसतात? कुठली मेथी आधी उगवते? रोज वहीत लिहा. आणि हो, दुपारी बाटलीचं झाकण उघडायला विसरू नका. तुमच्या मेथीच्या घराला पडदे नाहीत, ते काम तुमचं!