चुंदाच्या पंगतीत

थोर धर्मपुरुषाला कल्पनेत भोजनास बोलावण्याचा मोह सुशिक्षित मनाला नेहमीच पडत आला आहे. अशा भोजनात पदार्थांची निवड फारशी महत्त्वाची नसते. शंकांची यादी मात्र यजमानाने काळजीपूर्वक तयार ठेवलेली असते. भाजीभाकरीच्या आडून आत्म्याविषयी विचारावे, ताकाच्या वाटीबरोबर पुनर्जन्माचा प्रश्न हळूच पुढे सरकवावा, असा त्याचा बेत असतो. पाहुणे गौतम बुद्ध असतील, तर हा बेत पहिल्याच पावलाला मोडतो.

पाली वाङ्मयातील भोजनप्रसंगांना एक ठरीव शिस्त आहे. निमंत्रणाचा स्वीकार मौनाने होतो. दुसऱ्या दिवशी भोजन सिद्ध झाल्याची वर्दी यजमान देतो आणि मध्यान्हापूर्वी भिक्षुसंघ येऊन बसतो. यजमान ‘सहत्था’, म्हणजे स्वतःच्या हाताने, पुरे म्हणेपर्यंत वाढतो. घास तोंडात असताना बोलू नये, हा भिक्षूंचा नियमच आहे. भोजन आटोपून पात्रावरचा हात निघाला, की यजमान एक ठेंगणे आसन घेऊन बाजूला बसतो. बोलणे व्हायचे ते त्यानंतर. त्याने स्वतः केव्हा खाल्ले, खाल्ले की नाही, याची नोंद कोणी करीत नाही. एका पंक्तीला बसून चार गोष्टी बोलण्याची सोय येथे मुळातच नाही. कल्पनेने या भोजनात शिरणाऱ्याला एकच जागा मोकळी सापडते, ती वाढप्याची.

अशी भोजने अनेक झाली. वैशालीच्या आम्रपालीने दिलेले निमंत्रण आपल्याकडे वळवून घेण्यासाठी लिच्छवींनी तिला लाखाची रक्कम देऊ केली आणि तिने ती नाकारली, ही कथा प्रसिद्धच आहे. त्या घरी वाढायला उभे राहण्यास कोणीही आनंदाने तयार होईल. कल्पनेची खरी परीक्षा त्याच यात्रेत पुढे, पावा येथे होते. दीघनिकायातील महापरिनिब्बाणसुत्तात ही हकीकत आली आहे. बुद्धांचे वय त्या वेळी ८० वर्षांचे होते. वैशालीजवळच्या बेलुवग्रामी एक मोठे दुखणे त्यांनी निग्रहाने मागे सारले होते. पावेत ते चुंद नावाच्या कारागिराच्या आंबराईत उतरले. सुत्त त्याला ‘कम्मारपुत्त’, म्हणजे धातुकाम करणाऱ्याचा पुत्र, म्हणते. अट्ठकथा त्याला सोनाराचा मुलगा ठरवते. उपदेश ऐकून त्याने दुसऱ्या दिवसाचे निमंत्रण दिले, आणि रात्रभर घरात चूल पेटती राहिली.

खाद्य आणि भोज्य पदार्थांबरोबर त्याने ‘सूकरमद्दव’ पुष्कळ प्रमाणात केले होते. आसनावर बसताच बुद्धांनी त्याला सांगितले, की हा पदार्थ फक्त आपल्याला वाढावा आणि संघाला बाकीचे वाढावे. महाराष्ट्रातील कोणत्याही पंगतीत हा सरळसरळ पंक्तिभेद ठरला असता. वाढप्याच्या हातातील भांडे क्षणभर थबकावे, असाच हा प्रसंग आहे. पुढे आणखी एक आज्ञा येते: उरलेले सूकरमद्दव खड्ड्यात पुरून टाकावे, तथागतांवाचून दुसऱ्या कोणाला ते पचेल असे दिसत नाही. जे अन्न घरात सर्वांत आदराने शिजले, ते यजमानाच्या हातूनच मातीआड करवले जाते. चुंदाने काही विचारले नाही. त्याने खड्डा केला, अन्न पुरले आणि येऊन बाजूला बसला. उपदेश झाला, पाहुणे उठून गेले.

त्या पात्रात नेमके काय होते, या प्रश्नाने पुढच्या विद्वानांना फार गुंतवून ठेवले. पाचव्या शतकातील बुद्धघोषाने त्याचा अर्थ फार कोवळ्याही नव्हे आणि फार जुन्याही नव्हे अशा डुकराचे मांस असा केला. दुसऱ्या मतांनुसार ते डुकरांनी तुडवलेले वेळूचे कोंब होते, किंवा तशाच जागी उगवलेली अळंबी. चिनी परंपरेतील एका पाठात चंदनवृक्षावरच्या अळंबीचा उल्लेख सापडतो. मराठीत धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) या ग्रंथात मांसाहाराच्या प्रश्नाला संकोच न करता हात घातला. आहारावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या देशात असा प्रश्न उठणारच, आणि त्याला आडपडदा न ठेवता सामोरे जाणे हे कोसंबींच्या बुद्धिनिष्ठेला शोभणारेच होते. याच कोसंबींनी पुढे सेवाग्राम येथे अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. अन्न या विषयाचा त्यांचा विचार ग्रंथाच्या पानांपुरता नव्हता, हे ‘भगवान बुद्ध’ वाचताना विसरता येत नाही.

तरीही एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. या साऱ्या वादात विद्वानांची दृष्टी पात्रावर इतकी खिळून राहिली, की ते भरणारा हात जवळजवळ दिसेनासा झाला. चुंद हा एका पाककृतीचा साक्षीदार होऊन बसला. सुत्ताची रचना मात्र निराळी आहे. भोजनानंतर बुद्धांना रक्तस्राव आणि प्राणांतिक वेदना सुरू झाल्या. तशा स्थितीत ते कुशिनाऱ्याकडे निघाले. पावा ते कुशिनारा हे अंतर अट्ठकथेच्या मते अवघे तीन गव्यूती, आणि ते कापताना त्यांना २५ ठिकाणी बसावे लागले. एका झाडाखाली त्यांनी आनंदाजवळ पाणी मागितले. नुकतेच ५०० गाडे ओढा ओलांडून गेल्याने पाणी गढूळ आहे, असे आनंद दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा त्याला ते निवळलेले दिसले. श्रद्धाळू वाचक येथे चमत्कार पाहतात. रोगी माणसाला तेच मागणे तीनदा करावे लागले, ही गोष्ट अधिक बोचणारी आहे.

अशा अवस्थेत, ककुत्था नदीत स्नान करून आडवे झाल्यावर, त्यांना आठवण झाली ती पावेतल्या यजमानाची. तुझ्या घरी जेवून तथागत गेले, हा तुझा तोटा झाला, असे कोणीतरी चुंदाला ऐकवील आणि त्याच्या मनाला पश्चात्ताप लागेल, हे त्यांनी ओळखले. आनंदाने तो पश्चात्ताप दूर करावा, असे त्यांनी सांगितले. जे अन्न घेतल्यावर संबोधी लाभली आणि जे घेतल्यावर परिनिर्वाण होते, ही दोन दाने समान फळ देणारी असून बाकी सर्व दानांहून श्रेष्ठ आहेत, असा तो निरोप होता. पहिले दान परंपरेने सुजातेच्या नावे मांडले आहे. तिच्या खिरीशेजारी चुंदाचे भांडे आणून ठेवणे, ही मोठी धीट तुलना आहे. अन्न सदोष होते असा शब्द या निरोपात नाही, ते निर्दोष होते असाही नाही. पदार्थाविषयी बुद्ध काहीच बोलत नाहीत. ते खाण्यापूर्वी त्यांना काय कळले होते, हेही सुत्त उघड करीत नाही. उद्या लोक काय बोलतील, हे मात्र त्यांना पुरते ठाऊक होते.

आपल्या हातचे अन्न पाहुण्याला बाधले, ही भीती प्रत्येक घरात दबक्या पावलांनी वावरते. भांडी कल्हईची होती ना, रात्रीचे सकाळी वाढले का, याचे हिशेब बायका मनातल्या मनात वर्षानुवर्षे करीत राहतात. त्यातून सोडवू शकणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे ज्याला ते अन्न बाधले तो. आणि बहुधा तो बोलण्याच्या स्थितीत नसतो.

हा निरोप आनंदाने चुंदाला पोचवला की नाही, हे सुत्त सांगत नाही. तथागतांच्या अस्थींचे आठ भाग झाले, त्यांतला एक पावेच्या मल्लांनी मागून नेला आणि त्यावर स्तूप उभारला. त्या हकीकतीत चुंदाचे नाव नाही. कल्पनेने त्याच्या घरी वाढायला राहिलेल्या माणसाची अडचण अशी, की पंगत उठली तरी त्याला निघता येत नाही. भांडी घासून झाली आहेत, आंबराईतील ताज्या खड्ड्यावरची माती अजून ओली आहे, आणि चुंद कामाच्या जागी जाऊन बसला असला तरी त्याचे लक्ष हत्यारांत नाही. कुशिनाऱ्याकडून येणाऱ्या वाटेवर कोणीतरी दिसू लागले आहे. तो आनंद आहे, की बातमी घेऊन येणारा दुसरा कोणी, हे इतक्या लांबून ओळखता येत नाही.