शेपूची अमेरिकन कझिन

शिकागो म्हटलं की ‘बीन’समोरचा फोटो, विलिस टॉवर आणि डीप डिश पिझ्झा मस्ट! मे महिन्यातल्या ट्रिपमध्ये हे सगळं मी दीड दिवसात उरकलं. खरी मजा आली ती नेपरव्हिल या उपनगरात, मावसबहिणीच्या मागच्या अंगणात.

तिथे एका कोपऱ्यात छपराच्या पन्हळीचं पाणी साचतं. लॉन कधी टिकलंच नाही. मग ताईने तो भाग उथळ खणून ‘रेन गार्डन’ केली. पाणी गटारात न जाता तिथेच मुरतं. आणि त्यात ही गुडघाभर झाडं, डोक्यावर बारीक पिवळ्याधमक फुलांच्या छत्र्या. डिट्टो फुलावर आलेला शेपू! नातं आहेच म्हणा. गोल्डन अलेक्झांडर, म्हणजे झिझिया ऑरिया, हे शेपू, गाजर, कोथिंबिरीच्याच कुळातलं. फक्त हे दरवर्षी पेरावं लागत नाही. थंडीत वरचं सगळं वाळतं आणि वसंतात त्याच मुळांतून पुन्हा फुटतं.

इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात. १८२०च्या सुमारास इथे जवळपास २.२ कोटी एकर गवताळ रान होतं. आज त्याचा हजारावा हिस्साही धड उरलेला नाही. आधी नांगर आला, मग हायवे आणि मैलोन्‌मैल एकसारखी लॉन्स. दिसायला झकास, पण मधमाशीला खायला काय? अँड्रिना झिझिये नावाची इवलीशी रानमाशी पिल्लांसाठी मुख्यतः याच फुलांचे पराग गोळा करते. शेजारचं झेंडूचं फूल तिच्या कामाचं नाही. ब्लॅक स्वॅलोटेल फुलपाखराचे हिरवे, काळ्या पट्ट्यांचे सुरवंट याची पानं खातात. ताईच्या कुंडीतला शेपूही त्यांनी फस्त केलाय! जिजू अजून त्या भाजीच्या नावाने कुरकुरतात.

कॉलनीच्या कमिटीला मात्र हे तण वाटलं. काढून टाका, असं पत्र आलं. ताई कोकणातली, ती हटणार थोडीच! तिने कडेने विटा लावल्या, झाडांच्या नावांची पाटी रोवली आणि मीटिंगमध्ये तासभर बोलली. कोपरा वाचला. २०२४ मध्ये तर इलिनॉयने कायदाच केला, आता देशी झाडांच्या बागेवर कॉलनीला सरसकट बंदी घालता येत नाही. बाग नीटनेटकी ठेवायची जबाबदारी अर्थात मालकाची.

एक सांभाळा. तिकडे रस्त्याकडेला वाइल्ड पार्सनिपच्याही अशाच पिवळ्या छत्र्या दिसतात. तो बराच उंच आणि उशिरा फुलणारा. त्याचा रस अंगाला लागून वर ऊन पडलं की फोड येतात, तेव्हा ओळख पटल्याशिवाय हात नको.

ऑनसाइट जाणाऱ्यांसाठी टिप : बी हिवाळ्याच्या तोंडावर ओलसर जमिनीत टाकायचं, थंडी खाल्ल्याशिवाय ते रुजत नाही. पहिल्या वर्षी बहुतेक नुसती पानंच येतात. प्रोजेक्ट सहाच महिन्यांचा असेल तर सरळ नर्सरीतून रोप आणा!