प्ले आलाय!

मिनेसोटात गाडी घेतली की नंबर प्लेटवर सरकारच '१०,००० तळी' असं छापून देतं. खरं तर दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत, पण इथली माणसं मुळातच बेताचं बोलणारी! एवढं पाणी दारात असूनही आपण मराठी मंडळी बहुतेक वेळा काठावर बसून भेळ खातो. आमच्या घराण्यात पोहता येणारा मीच पहिला, तेही एम.एस. करताना युनिव्हर्सिटीच्या तलावात शिकलेलं. तरीही काही वर्षांपूर्वी मी एका शेजाऱ्याकडून चौदा फुटी ॲल्युमिनियमची होडी आणि तिची ९.९ अश्वशक्तीची जुनी मोटर विकत घेतली. ९.९ हा आकडा बाटाच्या चपलेच्या किमतीसारखा वाटतो ना? त्याला कारण आहे. काही तळ्यांवर दहा अश्वशक्तीची मर्यादा असते.

गेल्या उन्हाळ्यात बाबा आले होते. वय सत्त्याहत्तर. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं नोकरी. पुढच्या वर्षी एवढा प्रवास झेपणार नाही, हे त्यांनी आल्या दिवशीच सांगून टाकलं. आमच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांना मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. त्यामुळे आजोबा-नातवाचं संभाषण "जेवलास का?" आणि "येस, आजोबा" यापुढे सरकत नव्हतं.

जुलैतल्या एका रविवारी आम्ही तिघं तळ्यावर गेलो. परतताना वारा पाठीमागून होता आणि धक्का जवळ येत होता. मी लिव्हर रिव्हर्सला टाकला. कडकड असा आवाज आला, पण गिअर काही पडेना! शेवटी मोटर बंद करून वल्ह्यानं होडी कशीबशी रेटली. चिरंजीव लाइफ जॅकेट घट्ट धरून बसले होते. बाबांचं लक्ष मात्र लिव्हरकडे होतं. म्हणाले, "अरे, लिव्हर जातोय, गिअर जात नाहीये. मधे कुठंतरी प्ले आलाय."

दुकानात चौकशी केली. खालचा गिअरबॉक्स उघडावा लागेल, तीन आठवडे थांबा, असं उत्तर मिळालं. इथला उन्हाळा केवढासा, आणि बाबांचं परतीचं तिकीट अठरा दिवसांवर! बाबा म्हणाले, "आधी वरचं झाकण काढ."

या मोटरीची रचना मोठी मजेशीर असते. इंजिन नेहमी एकाच दिशेनं फिरतं. त्याचा उभा दांडा खाली पाण्यात उतरतो आणि त्याच्या टोकाचं छोटं दातेरी चाक समोरासमोरच्या दोन चाकांना उलटसुलट दिशांनी फिरवतं. त्या दोघांच्या मधे एक दातेरी तुकडा असतो. तो पुढच्या चाकात अडकला की होडी पुढे, मागच्यात अडकला की मागे, आणि मधेच राहिला तर न्यूट्रल. आपला हात आणि तो तुकडा यांच्यामधे असतं लिंकेज, म्हणजे लिव्हर, एकदोन आडवे दांडे, प्लॅस्टिकचे बुश आणि खाली जाणारी उभी सळई. प्रत्येक सांधा केसभर झिजला, तरी सगळी झीज एकत्र होऊन तुकडा चाकापर्यंत नीट पोचत नाही. दात निम्मेच अडकतात, घासतात आणि गोल होत जातात. तसंच चालवत राहिलं, तर मात्र खरोखरच गिअरबॉक्स उघडायची वेळ येते.

आम्हा आयटीवाल्यांना हे नवीन नाही. दोन्ही टोकांच्या सिस्टिम ठणठणीत असतात आणि घोळ असतो मधल्या इंटरफेसमध्ये!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅरेजमध्ये वर्कशॉप सुरू झालं. बाबांनी पहिल्यांदा स्पार्क प्लगच्या वायरी काढायला लावल्या. पंख्याला हात लावायचा तर इंजिन चुकूनही सुरू होता कामा नये, हा त्यांचा नियम. मग नातवाला लिव्हर हळूहळू हलवायला सांगितला आणि स्वतः टॉर्च घेऊन सळईकडे बघत बसले. लिव्हर बराच सरकल्यावर कुठे सळई हलायला लागायची. दोन बुश झिजून भोकं लांबट झाली होती. नवे बुश मागवले. किंमत काही डॉलर, आले चौथ्या दिवशी.

ते बसवताना बाबांचे हात थरथरत होते. कॉटर पिन काही भोकात जाईना. ते क्षणभर थांबले आणि पिन नातवाच्या हातात देत म्हणाले, "तुझी बोटं बारीक आहेत, तू घाल." तिथून पुढे सूत्रं बदलली. आजोबा स्टुलावर आणि नातू मोटरीखाली. पाना दे, धर, सोड, अर्धा आटा मागे घे. मग पंखा हातानं फिरवून तपासणी. न्यूट्रलला मोकळा फिरायला हवा, गिअरमध्ये अडायला हवा.

"फिरतोय का?"

"फिरतोय!"

"आता?"

"अडला, आजोबा! अडला!"

मी मुकाट्यानं टॉर्च धरून उभा होतो. रविवारच्या मराठी शाळेत हत्ती-घोडे झाले होते, पण आटा, पाना, झीज हे शब्द त्याला त्या गॅरेजमध्ये मिळाले.

शनिवारी होडी धक्क्याला बांधूनच मोटर सुरू केली आणि दोन्ही गिअर टाकून बघितले. मी जपून, हळूच लिव्हर सरकवत होतो, तर बाबा म्हणाले, "इंजिन अगदी मंद ठेव आणि गिअर एका झटक्यात टाक. इथं लाडीगोडी केलीस तर दातच घासतील." होडी ठेवणाऱ्या मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं, बुश बरेच दिवस टिकतील.

बाबा ठरल्या दिवशी परत गेले. आता शनिवारी सकाळी फोन लावला की चिरंजीव माझ्या हातून तो काढूनच घेतात. परवा सायकलचा ब्रेक लागत नव्हता. त्यानं कॅमेरा चाकाजवळ नेला आणि शुद्ध मराठीत सांगितलं, "आजोबा, प्ले आलाय."

पलीकडून लगेच प्रश्न आला, "कुठल्या सांध्यात? हलवून दाखव."

पुढची चाळीस मिनिटं मला फोन मिळाला नाही.