टिनाखालची माणसे आणि संध्याकाळची सायकल

वर्धेचा उन्हाळा ज्याने अंगावर काढला आहे त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. मार्च सरता सरता पारा चाळीसकडे सरकतो आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास ठाण मांडून बसतो. त्यावर पुन्हा नवतपा. ज्यांची घरे सिमेंटची, छत उंच आणि खिशात वीजबिलाची ताकद, त्यांचे निभते. आपल्या वस्तीत मात्र दोन खोल्या, वर टिन आणि खिडकीत एक कुलर, तोही टाकीत पाणी असेल तर. दिवसभर तापलेले टिन रात्री दहा वाजेपर्यंत उष्णता ओकत राहते. संध्याकाळी सहा वाजता घरात बसणे म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसणे. म्हणून माणसे बाहेर येतात. कोणी अंगणात पाणी शिंपडून खाट टाकतो, कोणी विहाराच्या पायरीवर बसतो, कोणी नाक्यावर उभा राहून राजकारण करतो. आम्ही सायकली काढतो.

आम्ही म्हणजे वस्तीतली पाच-सहा घरे. आम्ही स्वतः बी.कॉम. होऊन कचेरीत कारकुनी करणारे, सुटीच्या दिवशी वस्तीतल्या लोकांचे अर्ज-दाखले भरून देणारे. सोबत एक गवंडी भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, शिलाईकाम करणाऱ्या एक मावशी, आमच्या घरच्या सौभाग्यवती, आणि शाळा-कॉलेजात जाणारी सात-आठ पोरे. सायकली म्हणाल तर सगळ्या मिळून नऊ. त्यातल्या चार जुन्या, काळ्या, उंच दांड्याच्या. ज्या पोरांना सायकल नाही ती कॅरिअरवर.

हे सुरू झाले तेव्हा वस्तीत हसू झाले. "काहून बाप्पा, पेट्रोल सपलं का?" असे लोक विचारीत. त्यांचेही चुकत नव्हते. आपल्या घरांत सायकल ही गरजेची वस्तू होती, मौजेची नव्हे. हप्त्यांवर मोटारसायकल आली की सायकल आधी भिंतीला टेकते, मग तिच्या हँडलवर ओले कपडे वाळत पडतात, आणि शेवटी ती भंगारवाल्याच्या गाड्यावर चढते. सायकल गेली म्हणजे गरिबी गेली असा आपला हिशेब. गवंडी भाऊ तर पहिल्या दिवशी स्पष्टच बोलले, "तीस वर्सं हिच्यावर बसून कामाले गेलो. पाठीमागं घमेलं, थापी, डब्बा. आता हवा खाले पन हिच्यावरच बसू का?" त्यांना उत्तर द्यायला आमच्याजवळ काही नव्हते. ते आले ते पोरीच्या हट्टापायी. चार किलोमीटर गेल्यावर मात्र म्हणाले, "हलकी लागून रायली बाप्पा. आज डब्बा नाही ना मांगं." तेव्हापासून ते एकही संध्याकाळ चुकवीत नाहीत.

पण सायकल ही आपल्या लोकांना नुसती वाहन म्हणून मिळालेली नाही, हेही सांगितले पाहिजे. आमचा आजा हिंगणघाटला गिरणीत होता. त्याने पैसे साठवून एक जुनी सायकल घेतली. रविवारी तो गावी यायचा. गावाच्या वेशीपाशी आले की त्याला उतरावे लागे. पाटलांच्या वाड्यासमोरून, चावडीसमोरून सायकल हातात धरून चालत जायचे आणि आपल्या मोहल्ल्यात शिरताना पुन्हा बसायचे. पायाखाली गाडी असून पायी चालणे, ही गोष्ट आजा सांगायचा तेव्हा त्याचा आवाज बदलायचा. १९५६ च्या ऑक्टोबरात तो याच सायकलने नागपूरला गेला. पाऊणशे किलोमीटरचा रस्ता, वाटेत माणसांचे जथे. दीक्षा घेऊन परतल्यावर पुढच्या रविवारी गावाच्या वेशीवर तो उतरला नाही. घंटी वाजवीत वाड्यासमोरून सरळ निघून गेला. पुढे दोन महिने गावातल्या दुकानातून त्याच्या घरी तेल-मीठ मिळाले नाही. ते हिंगणघाटहून आणावे लागे, सायकलवरूनच. आमच्या पोरांना आम्ही ही हकीगत एका संध्याकाळी रस्त्यातच सांगितली. लहान्याने विचारले, "मंग आजानं घंटी कितीदा वाजवली?" हे मात्र आजाने कधी सांगितले नव्हते.

आता आमचा नेम सांगतो. सहाच्या आत निघायचे नाही. हवा चाळीस अंशांच्या वर असली की सायकलवरचा वाराही गारवा देत नाही, उलट तोंडावर झळ मारतो आणि अंगातले पाणी ओढून घेतो. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य पावणेसात-सातच्या सुमारास मावळतो. सव्वासहाला निघालो की गाव ओलांडेपर्यंत ऊन उतरलेले असते. निघण्याआधी प्रत्येकाने पोटभर पाणी प्यायचे, डोक्याला दुपट्टा बांधायचा, सोबत एक बाटली. मावशींच्या पिशवीत कैरीचे पन्हे असतेच. सायकल दुपारभर सावलीत ठेवायची आणि ट्यूबमध्ये हवा दाबून भरायची नाही. उन्हात हवा फुगते आणि विरलेला टायर फटाक्यासारखा फुटतो. पहिल्या वर्षी वस्तीत असे तीन आवाज झाले आणि तिन्ही वेळा म्हाताऱ्या बाया "कोन फटाके फोडते रे?" म्हणून बाहेर आल्या.

आमचा आवडता रस्ता सेवाग्रामचा. वर्ध्याहून सुमारे आठ किलोमीटर. पोरांना सांभाळून गेले तर पाऊण तास. नागपूरच्या मोठ्या रस्त्याने आम्ही पोरांना नेत नाही, तिकडे ट्रक फार. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातूनच जातो, नागपूर ते शिर्डी हा त्याचा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, पण त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही परवानगी नाही. समृद्धी बघायची ती पुलाखालून. सेवाग्रामच्या रस्त्यावरची जुनी झाडे २०२० साली रुंदीकरणासाठी तोडायला घेतली तेव्हा वर्धेकरांनी विरोध केला. त्या वेळी ज्यांना 'झाडाचे काय एवढे' वाटत होते त्यांनी एकदा मेच्या संध्याकाळी सायकलने जाऊन पाहावे. झाडाखालचा रस्ता आणि उघडा रस्ता यांतला फरक मोटारीत कळत नाही, सायकलवर तो चामडीला कळतो.

गाव सुटले की दोन्ही बाजूंना काळी रिकामी शेते लागतात. पऱ्हाट्या उपटून झालेल्या, वखर फिरलेले, ढेकळे उन्हात भाजलेली. सुरुवातीला जमिनीतून वाफ आल्यासारखी उष्णता येते. मग एकाएकी एखाद्या ठिकाणी गार झुळूक पायांना लागते. पोरे ओरडतात, "आला, कुलर आला!" खरोखर तो कुलरच असतो. बाजूला कोणाचे ओलिताचे वावर असते. कुलरच्या ताटीतले पाणी वाळताना जशी हवा थंड होते, तसेच भिजलेल्या मातीतले पाणी उडताना तेवढा पट्टा गार होतो. आमच्या पोरांनी अशा जागांना क्रमांक दिले आहेत. पहिला कुलर, दुसरा कुलर. विहीर आटली की त्या वर्षी एक कुलर कमी होतो. अंधार पडताना रातवा रस्त्यावर येऊन बसतो. सायकलच्या दिव्यात त्याचे डोळे विस्तवासारखे चमकतात आणि चाक अगदी जवळ आले की आवाज न करता उडून जातो. टिटव्या मात्र गप्प राहत नाहीत.

सेवाग्रामला पोचलो की रस्त्याच्या कडेला बसून पन्हे पितो. हे गाव म्हणजे जुने शेगाव. १९४० साली त्याचे नाव सेवाग्राम झाले. १९३६ च्या मे महिन्यात, अशाच उन्हात, बाबासाहेब इथे गांधीजींना भेटायला आले होते. धर्मांतराची घोषणा होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. दोघांचे जमले नाही, हे जगजाहीर आहे. पण आम्हाला तिथे बसल्यावर आठवते ती दुसरी गोष्ट. १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली. माणूस दिवसभर पोटासाठीच राबत राहिला तर त्याच्यात आणि जनावरात फरक उरत नाही. यंत्र त्याला फुरसत देते आणि फुरसत असेल तरच संस्कृती उभी राहते, असा त्यांचा युक्तिवाद. आणि हे नुसते लिहून ते थांबले नाहीत. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास चोपन्नवरून अठ्ठेचाळीस झाले. आठवड्याला सहा तास. ते तास झोपायला, वाचायला, लेकरांना मांडीवर घेऊन बसायला. गिरणीतल्या आमच्या आजाला ते सहा तास मिळाले होते. सायकलही एक यंत्रच आहे, आणि फार सज्जन यंत्र आहे. रेल्वेचे काका हे ऐकून म्हणाले, "म्हंजे आपन इथं पन्हं पिऊन रायलो, हे बी कायद्यानंच?" आम्ही म्हटले, होय काका, कायद्यानेच.

सगळ्यांत अवघड काम बायकांना सायकलवर बसवण्याचे होते. पोरी शाळेत सायकलने जातात, त्याला आता कोणी काही म्हणत नाही. पण चाळिशीच्या बाईने संध्याकाळी, कामाशिवाय, नुसते फिरायला सायकलवर बसायचे? आमच्या सौभाग्यवतींनी सुरुवातीला कॅरिअरवरच बसायचे ठरवले होते. मावशींनी मात्र एका रविवारी शाळेच्या मैदानात सायकल धरली. चार वेळा पडल्या. कोपर फुटले. बघ्यांना म्हणाल्या, "पडली तं पडली. मशीन चालवते मी पायानं, हे कायले नाही चालनार?" शिवणयंत्राचा पायडल मारून पक्के झालेले त्यांचे पाय, तोल आला त्या दिवशी त्या मैदानाला अकरा फेऱ्या मारूनच थांबल्या. पुढच्या पंधरवड्यात आणखी तिघी आल्या, त्यांत आमचे घरही होते.

हे काही आपल्याकडेच घडलेले नवल नाही. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा गरीब जिल्हा आहे. तिथे १९९१ साली साक्षरतेची मोहीम सुरू झाली तेव्हा शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी बाईंनी अक्षरांबरोबर सायकल शिकवणेही मोहिमेत घातले. हजारो बायका शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या, आणि त्यांत दलित बायका पुष्कळ. बाजारात लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या आणि त्याच बऱ्या म्हणाल्या, कारण पुढच्या दांड्यावर लेकरू बसवता येते. बिहार सरकारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा मुली शाळेत टिकल्या. पण आम्हाला पुदुक्कोट्टईची गोष्ट जास्त आवडते, कारण तिथे बायका सायकल शिकल्या त्या पाणी आणण्यासाठी, बाजारासाठी, आणि रविवारी नुसत्या फिरण्यासाठीही.

अंधार पडल्यावर आम्ही पोरींना मधे घेतो. पुढे काका, मागे गवंडी भाऊ. प्रत्येक सायकलला पुढे दिवा, मागे लाल काच. ज्याचा दिवा बंद तो त्या दिवशी कॅरिअरवर. रस्त्यात मोटारसायकलवाली टवाळ पोरे कधी जवळून घासून जातात, काहीबाही बोलतात. पहिल्या वर्षी पोरींनी मान खाली घातली. दुसऱ्या वर्षी आमच्या थोरलीने घंटी वाजवली, तिच्यामागे सगळ्यांनीच वाजवली, नऊच्या नऊ घंट्या. पोरे पुढे निघून गेली. लहान्याने आमच्याकडे वळून पाहिले, पण काही बोलला नाही.

वैशाख पौर्णिमेला आमचा मोठा फेरा असतो. दिवसभर विहारात कार्यक्रम, खिरीचे वाटप, धावपळ. संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतच सायकली काढायच्या आणि गोपुरीला विश्वशांती स्तूपाकडे जायचे. हा स्तूप १९९३ साली खुला झाला. जपानचे फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला आले होते. त्यांच्या पंथाच्या भिक्खूंनी तो उभारला. १९८५ साली ते वारले, त्यामुळे स्तूप पूर्ण झालेला त्यांना पाहता आला नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळतानाच उगवतो. त्यामुळे जाताना पाठीवर मावळतीचा तांबडा उजेड आणि समोर चंद्र, आणि त्याखाली पांढरा घुमट हळूहळू मोठा होत जातो. चारी बाजूंना बुद्धाच्या मूर्ती. दिवसभर तापलेली फरशी तळव्यांना अजून कोमट लागते. त्या दिवशी शेजारच्या वस्त्यांतलीही माणसे येतात. गेल्या वर्षी आम्ही सायकली मोजल्या तेव्हा एकतीस भरल्या. दोन तर भंगारवाल्याकडून परत विकत आणलेल्या होत्या.

मृगाचा पाऊस आला की हे सगळे बंद. आपली काळी माती भिजली की चाकाला अशी लिगडते की मडगार्डमध्ये चिखल ठासून बसतो आणि सायकल खांद्यावर घेऊन यावे लागते. यंदा गवंडी भाऊंच्या मागच्या चाकाला नवी ट्यूब टाकायची आहे आणि मावशींची चेन रोज दोनदा उतरते. या आठवड्यात ही दोन कामे उरकली तर पावसाआधी आणखी दहा-बारा संध्याकाळी पदरात पडतील.