एकवीस कार्डं

१९८५च्या जानेवारीत आमच्याकडे एक पिवळं पोस्टकार्ड आलं. वर ‘संतोषी माता प्रसन्न’. खाली, हे पत्र मिळताच अशी एकवीस पत्रं लिहा. एकानं लिहिली, त्याला लॉटरी लागली. एकानं फाडून टाकलं, त्याचा मुलगा गेला. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. शिक्का मात्र रसायनीचाच.

आईनं अक्षर ओळखलं. कोणाचं ते तिनं कधीच सांगितलं नाही. “घाबरली असेल बिचारी,” एवढंच म्हणाली.

आमच्या गावाला नावच कारखान्यांनी दिलेलं. साठच्या दशकापासून पाताळगंगेच्या काठी रसायनांचे कारखाने उभे राहिले आणि कोकणातून, देशावरून, खानदेशातून आलेली माणसं क्वार्टर्समध्ये शेजारी झाली. भोपाळला वायू सुटून तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता. त्या थंडीत भोंगा अवेळी वाजला की बायका कणकेच्या हातांनी दारात यायच्या. आई देवभोळी नव्हती. पण “खरं-खोटं देव जाणे, ह्यांची नाईट आहे,” म्हणाली आणि तिनं मला पोस्टात पिटाळलं. पंधरा पैशांचं एक, एकवीस कार्डांचे तीन रुपये पंधरा पैसे.

या पत्रांना नुसती अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणं मला जमत नाही. त्यांची घडण आपल्या घरातलीच आहे. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाणी बोललेला नवस टाळत राहतो आणि संकटात सापडतो. त्याची लेक कलावती प्रसाद न घेताच बंदराकडे धावते आणि नवरा नावेसकट दिसेनासा होतो. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सुवासिनींना हळदीकुंकवाबरोबर महालक्ष्मीव्रताची छोटी पोथी देतात, म्हणजे कथा पुढच्या घरी पोचवणं हाही व्रताचाच भाग. पण कलावती घरी परतते, प्रसाद घेते आणि नवरा सुखरूप भेटतो. आपल्या कहाण्यांत चुकलेल्याला माघारी फिरायला वाट ठेवलेली असते. पत्रात फाडणाऱ्याला ती वाट नाही. क्षमा गळून पडलेली कहाणी आहे ती, आणि मला तिचं भय वाटतं ते यासाठी.

हे फक्त आपल्याकडेच नाही. चार्ल्स बेनेट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८० ते १९९५ या काळातली अशी ३३ इंग्रजी पत्रं जमवली आणि नकलताना पडलेल्या फरकांवरून त्यांची वंशावळ मांडली, जनुकांवरून सजीवांची मांडतात तशी. कुठे नाव बदललं, कुठे ओळ गळली, यावरून कोणतं पत्र कोणाच्या पोटचं ते कळतं.

त्यांच्या हाती आईची कार्डं लागली असती, तर त्यांतही एक ओळ गळलेली दिसली असती. ती चुकून गळलेली नव्हती. पत्ते लिहायला बसल्यावर आई अडली होती. सातारची मावशी, पेणची आत्या, बाळंतपणाला माहेरी गेलेली शेजारीण. भीती पाठवावी असं एकही नाव तिला सुचेना. रात्री बाबा कामावर गेल्यावर कंदिलाएवढ्या उजेडाच्या बल्बखाली तिनं एकवीस कार्डं लिहिली; देवीचं नाव लिहिलं, लॉटरीही लिहिली, मेलेला मुलगा मात्र एकाही कार्डावर लिहिला नाही. शेवटी मोकळ्या राहिलेल्या जागेत ‘आम्ही सुखरूप आहोत, तुमची खुशाली कळवा’ असं लिहून खाली सही केली.

साखळी बहुधा तिथंच तुटली. मात्र पुढच्या पंधरवड्यात पोस्टमनच्या हाती आमच्यासाठी रोज काहीतरी असायचं. मावशीनं तर आंतरदेशीय पत्र पाठवलं, कडेच्या समासापर्यंत भरलेलं.

आई आता ऐंशीच्या पुढे आहे. फोनवर तिला ‘अकरा जणांना पाठवा, नाहीतर’ असे निरोप येतात. नातीनं तिला मजकूर कॉपी करायला शिकवलंय. ती चष्मा पुसते, ‘नाहीतर’पासून पुढचं एकेक अक्षर बोटानं खोडते, आणि उरलेलं मला पाठवते. खाली विचारते, जेवलीस का.